कॉलेजचं एथिक्स सेंटर: दोन वर्षं जाऊन आल्यावर लिहितेय

एथिक्स सेंटर म्हटलं की बहुतेकांना वाटतं कुणीतरी सर येऊन खरं बोला, कॉपी करू नका असं तासभर सांगणार. मलाही तसंच वाटायचं, त्यामुळे पहिलं सेमिस्टर मी तिकडे फिरकलेच नाही. नंतर एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी जावं लागलं आणि मग जातच राहिले. ज्युनिअर्स सारखं विचारतात की तिथे जाऊन नक्की मिळतं काय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी प्रोजेक्टचं सांगते कारण माझ्यासाठी सगळं तिथूनच सुरू झालं. मला फर्स्ट इयरच्या मुलांची झोप आणि परीक्षेचं टेन्शन यावर सर्व्हे करायचा होता. प्रश्नावली तयार होती, गाइडची सही झाली होती, फक्त सेंटरला एकदा दाखवून ये म्हणाले. तिथल्या मॅडमनी प्रश्न वाचलेच नाहीत, आधी विचारलं, "मुलं हा फॉर्म भरणार कुठे?" म्हटलं प्रॅक्टिकलच्या वेळात, त्यांचं प्रॅक्टिकल मीच घेते. तर म्हणाल्या, "मग ती तुला नाही म्हणू शकतात का?"

मी गप्पच झाले. ज्यांच्या जर्नलवर माझी सही लागते ती मुलं मला नाही कशाला म्हणतील? फॉर्मवर मी 'सहभाग ऐच्छिक आहे' असं ठळक टाइप केलं होतं, नियमाने ते बरोबरच होतं, पण त्या लॅबमध्ये माझ्यासमोर उभं राहून ते खरं ठरणार नव्हतं.

मग दीड तास आम्ही दोघी तो एक पानाचा फॉर्म घेऊन बसलो. फॉर्म वाटणार दुसऱ्या डिपार्टमेंटची मुलगी, मी खोलीत थांबणार नाही, रोल नंबर नाही, आणि प्रत्येकाने फॉर्म बंद पेटीत टाकायचा, भरलेला असो की कोरा, म्हणजे नाही कोण म्हणालं हे शेजारच्यालाही कळणार नाही. 'आपण कधीही थांबू शकता' या ओळीखाली 'याचा प्रॅक्टिकलच्या मार्कांशी काहीही संबंध नाही' ही ओळ आली. खाली काउन्सेलरचा नंबर, कारण झोप का लागत नाही असं विचारल्यावर एखाद्याला खरंच त्रास होऊ शकतो. कोरे फॉर्म बरेच आले. सॅम्पल कमी झालं, गाइड नाराज झाले, मलाही दोन दिवस वाईट वाटलं. पण जुन्या पद्धतीने तेच फॉर्म भरून आले असते, मुलांनी काहीतरी खुणा केल्या असत्या आणि मी तो डेटा म्हणून वापरला असता.

त्याच दिवशी मॅडमनी टस्कीगीच्या प्रयोगाबद्दल सांगितलं. अमेरिकेत अलाबामामध्ये १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारच्याच आरोग्य खात्याने सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना उपचार न करता नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं. आजाराचं खरं नाव सांगितलं नाही, रक्त खराब आहे म्हणायचे, आणि १९४०च्या दशकात पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही दिलं नाही. फुकट तपासणी, जेवण आणि अंत्यसंस्काराचा खर्च असं त्यांना कबूल केलेलं. १९७२ मध्ये पेपरात छापून आलं तेव्हा कुठे थांबलं. पुढे १९७९ मध्ये तिथल्या सरकारी आयोगाचा बेलमाँट रिपोर्ट आला, त्यातली माणसाचा मान, त्याचं भलं आणि न्याय ही तीन तत्त्वं आजही माणसांवरच्या संशोधनाच्या मुळाशी आहेत. आम्ही ती तीन नावं परीक्षेसाठी पाठ केली होती. ती कशामुळे लिहावी लागली हे मला त्या दिवशी कळलं.

आता दर आठवड्याच्या चर्चेबद्दल. खुर्च्या गोल, पंधरा-वीस जण, एक केस. नियम एकच पण कडक, समोरच्याला विरोध करायच्या आधी त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं आणि त्याने "हो, मला हेच म्हणायचं होतं" असं म्हटल्यावरच पुढे जायचं. पहिल्या महिन्यात याची भयंकर चिडचिड होते कारण निम्मा वेळ यातच जातो, पण सवय झाली की लक्षात येतं की आधी आपण ऐकतच नव्हतो, फक्त आपली पाळी कधी येते बघत होतो. ट्रॉलीची केस दर वर्षी सुरुवातीला असते, पाच जणांना वाचवायला रुळावरून सुसाट येणारी गाडी एकावर वळवायची का ती. तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांनी १९६७ मध्ये मांडलेली, सोपी वाटते, मुलं बोलती होतात, पण तिच्यावर दोन सेशन घालवू नयेत असं माझं मत, खऱ्या घटनांमध्ये कितीतरी जास्त मिळतं.

उदाहरणार्थ नासाचं चॅलेंजर अवकाशयान. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री यानाची बूस्टर रॉकेटं बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीचे इंजिनिअर फोनवरच्या मीटिंगमध्ये सांगत होते की थंडीत जोडांमधल्या रबराच्या रिंगा कडक होतात, उद्या उड्डाण नको. कंपनीच्या चार वरिष्ठांनी वेगळं बोलून निर्णय फिरवला. त्यातले एक, लुंड, स्वतः इंजिनिअरिंगचे प्रमुख, त्यांना वरच्यांनी सांगितलं की आता इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल. दुसऱ्या दिवशी ७३ सेकंदांत यान फुटलं, सात जण गेले. आम्हाला तो प्रसंग रोलप्लेला दिला आणि लुंडचा रोल माझ्याकडे आला. शेवट मला माहीत होता. तरीही टेबलाभोवती तिघं माझ्याकडे बघतायत, बाकीचे वाट बघतायत, टोपीचं ते वाक्य येतं आणि मी हो म्हणाले. हात गार पडले होते माझे. सरांनी चूक की बरोबर काहीच म्हटलं नाही, विचारलं एवढंच, "त्या टेबलावर कोणी काय केलं असतं तर तुला नाही म्हणणं जमलं असतं?" त्यावर पाऊण तास चर्चा झाली आणि खरं सांगते, चार वर्षांच्या लेक्चर्समध्ये इतकं नीट मी कशावरच विचार केला नव्हता.

सेंटर एथिक्स बोलची टीमपण तयार करतं. ही स्पर्धा १९९३ मध्ये इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत रॉबर्ट लॅडेन्सन यांनी सुरू केली. डिबेटसारखी बाजू वाटून देत नाहीत, आपल्याला जे खरंच पटतं ते मांडायचं, दोन्ही टीमचं मत एकच असलं तरी चालतं, मार्क विचार किती खोल आणि नीट केलाय त्याला. डिबेटवाल्या मुलांना इथे सुरुवातीला जड जातं पण त्यांनी यावंच.

जे आवडलं नाही तेही सांगते. एक म्हणजे कंपल्सरी वर्कशॉप. दोनशे मुलं ऑडिटोरियममध्ये, स्लाइड्स, शेवटी सही आणि सर्टिफिकेट. त्यात काहीही नाही, आणि वाईट हे की बहुतेकांना सेंटर म्हणजे तेवढंच वाटतं, मग गोल खुर्च्यांपर्यंत कुणी पोचतच नाही. दुसरं, इंजिनिअरिंग आणि मॅनेजमेंटची मुलं फार कमी दिसतात कारण चर्चेची वेळ नेमकी त्यांच्या लॅबची आहे. वेळ बदलणं काही अवघड नाही, कुणीतरी मनावर घ्यायला हवं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात लागली. मागच्या टर्मला एका मुलीने हॉस्टेलच्या कॉरिडॉरमधल्या कॅमेऱ्यांवर केस घ्या म्हणून सुचवलं, फुटेज कोण बघतं, किती दिवस ठेवतात, आम्हाला कुणी विचारलं होतं का. मुद्दा अगदी माझ्या फॉर्मसारखाच होता. उत्तर आलं पुढच्या महिन्यात बघू. मग पुढच्या टर्मला. मॅडमना मनापासून घ्यायची होती हे मला माहितीये, पण अडलं वरती. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या, परदेशातल्या चुकांवर आम्ही मोकळेपणाने बोलू शकतो आणि स्वतःच्या कॉरिडॉरमधल्या कॅमेऱ्यावर नाही, हे मला पटत नाही आणि मी ते फीडबॅकमध्ये नाव घालून लिहिलंय.

पाचपैकी चार. प्रोजेक्ट माणसांवर असेल तर प्रश्नावली छापायच्या आधी जा, नंतर नाही, आणि चर्चेला निदान तीन वेळा सलग बसा, पहिल्या वेळेला काही कळत नाही. कॅमेऱ्याच्या केससाठी आम्ही अकरा जणांनी मिळून परत मेल पाठवलाय, यावेळी वॉर्डनना पण बोलवा असं लिहून.