ऑफर लेटर रद्द झालं म्हणून वकिलाकडे गेलो, पोवई नाका, सातारा (५ पैकी ४ स्टार)

एकतर जिना लय अरुंद आणि पार्किंग शून्य, गाडी लांब लावून चालत या. साडेपाचची वेळ दिलेली, नंबर लागला पावणेसातला, त्याचा एक स्टार कापला.

मॅटर असं की पुण्यातल्या एका कंपनीचं ऑफर लेटर आलेलं, मी मेलवर ॲक्सेप्ट केलं, इथल्या एमआयडीसीतल्या कंपनीत राजीनामा दिला, पुण्यात रूमचं डिपॉझिट भरलं आणि जॉइनिंगच्या चार दिवस आधी दोन ओळींचा मेल, ऑफर मागे घेतोय म्हणून. कारण काय तर बिझनेस रिझन. घरी पेढे वाटून झालेले हो!

मॅडमनी आधी सगळे मेल स्वतः वाचले, मला बोलूच दिलं नाही. मग पहिला प्रश्न, जुन्या कंपनीनं रिलीव्ह केलंय का? म्हणलं अजून तीन दिवस आहेत. तर म्हणाल्या, "मग इथं काय बसलाय, आज रात्रीच राजीनामा मागे घेतो म्हणून मेल टाका, घेतलाच पाहिजे असं त्यांच्यावर बंधन नाही पण विचारायला काय जातंय." हे मला कोणीच सांगितलं नव्हतं, मित्र सगळे केस ठोक केस ठोक करत होते.

बाकी कायद्याचं सांगायचं तर, १८७२ च्या करार कायद्यानुसार आपण ऑफर स्वीकारायच्या आधी कंपनी ती मागे घेऊ शकते, पण स्वीकारली की करार झाला, मेलवर स्वीकारली तरी चालतं. मात्र लेटरमध्ये "बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन पास झालं तर" टाइप अट असेल आणि त्यात आपण अडकलो तर केस लंगडी. माझ्यात तसं काही नव्हतं. पण कोर्ट त्यांना नोकरी द्यायलाच लावेल हे डोक्यातून काढा म्हणाल्या, खाजगी नोकरीत तसा हुकूम मिळत नाही, मागायची ती नुकसानभरपाई, कलम ७३ खाली. मी तर वर्षाचं पॅकेज वसूल करायच्या तयारीत गेलेलो. लेटरमध्ये एक महिन्याचा नोटीस पिरियड असेल तर साधारण तेवढ्याच पगाराभोवती आकडा फिरतो, आणि आपण दुसरी नोकरी शोधत होतो हेही दाखवावं लागतं, घरी लोळत पडून भरपाई नाही. मनस्तापाचे पैसे तर विसराच. दाव्याला मुदत तीन वर्षं. कामगार आयुक्तांकडे जाऊ का विचारलं तर म्हणाल्या अजून जॉइनच झाला नाही तर कामगार कुठले तुम्ही.

फी ५०० सल्ल्याची, नोटीसचे २५०० वेगळे, पावती मागितल्यावरच दिली. नोटीस स्पीड पोस्टनं गेली, महिन्याभरानं कंपनीनं रूमचं डिपॉझिट बुडालेलं तेवढं आणि वर पंधरा दिवसांचा पगार दिला. मॅडमचा सल्ला होता घेऊन टाका, घेतले. जुन्या साहेबांनी राजीनामा फाडला, पण इन्क्रिमेंट यंदा नाही म्हणाले.

जाताना मेलच्या प्रिंट घेऊनच जा, मोबाईलवर दाखवायला लागलो तर मॅडम चिडतात. आणि बायकांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडनं वकील फुकट मिळतो, पगार कितीही असू दे, हे त्यांनी स्वतःहून माझ्या बहिणीला सांगितलं, स्वतःचं गिऱ्हाईक घालवून.

जिन्यात लाईट नाही, बॅटरी लावा.