पासवर्ड ठेवायचे कुठे: वहीत, ब्राउझरमध्ये की वेगळ्या ॲपमध्ये?

एखाद्या किरकोळ साइटवरून तुमचा ईमेल आणि पासवर्ड फुटला, की चोर तीच जोडी बँकेला, मेलला, खरेदीच्या साइटला लावून बघतात. एका वेळी हजारो खात्यांवर, प्रोग्रॅमच्या मदतीने. म्हणून प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड हवाच, आणि तेवढे सगळे डोक्यात राहणार नाहीत हेही उघड आहे. जी जागा तुम्हाला वेगवेगळे पासवर्ड ठेवायला भाग पाडेल, ती चांगली. मी याच कसोटीवर तिन्ही पर्याय बघतो.

वहीला सरसकट नावं ठेवणं मला पटत नाही. इंटरनेटवरचा चोर तुमच्या कपाटापर्यंत पोचत नाही. चार-पाचच खाती असतील, ती घरूनच वापरत असाल, तर वही अगदीच वाईट नाही. पण हाताने टाइप करायचं म्हटलं की माणूस पासवर्ड आखूड करतो, आणि वही हरवली तर दुसरी प्रत नसते.

शिवाय वहीला खोटी साइट ओळखता येत नाही. पत्त्यात ‘एम’ या इंग्रजी अक्षराच्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी शेजारी बसवले, तर घाईत वाचणाऱ्याला तो ‘एम’च दिसतो. आपण वही उघडून पासवर्ड भरून मोकळे होतो. ब्राउझर किंवा पासवर्ड मॅनेजर (पासवर्ड सांभाळणारं वेगळं ॲप) पत्ता अक्षर न् अक्षर ताडून बघतो आणि जुळला नाही तर रकाना रिकामाच ठेवतो. नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड आज भरला गेला नाही, तर कॉपी-पेस्ट करू नका. आधी पत्ता पुन्हा वाचा. माझ्या मते नुसत्या एवढ्यासाठीसुद्धा वही सोडावी.

क्रोम, सफारी, फायरफॉक्स यांत ही सोय फुकट आणि तयारच असते. एकाच कंपनीचा फोन आणि कॉम्प्युटर वापरणाऱ्याला ती पुरते. पण कॉम्प्युटर घरात चौघं एकाच लॉगिनने वापरत असतील, तर तिथे पासवर्ड सेव्ह करू नका. माहिती चोरणारे व्हायरसही आधी ब्राउझरमधले पासवर्डच शोधतात.

बिटवॉर्डन, वनपासवर्ड, कीपास ही वेगळी ॲप्स, म्हणजेच पासवर्ड मॅनेजर, कुठल्याही ब्राउझरसोबत चालतात. बिटवॉर्डन फुकटातही पुरेसं आहे. कीपासची फाइल तुमच्याजवळच राहते, म्हणजे तिचा बॅकअपही तुम्हीच सांभाळायचा. इथे सगळी मदार मास्टर पासवर्डवर, म्हणजे ॲपमधली पासवर्डची तिजोरी उघडणाऱ्या एका मुख्य पासवर्डवर असते. 2022 मध्ये लास्टपास या अशाच ॲपच्या कंपनीकडून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या कूटबद्ध (किल्लीशिवाय न वाचता येणाऱ्या) प्रती चोरीला गेल्या, तेव्हा खरा धोका होता तो कच्चा मास्टर पासवर्ड ठेवणाऱ्यांना. मास्टर पासवर्डसाठी एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द घ्या. तो विसरलात तर बहुतेक कंपन्या काहीच करू शकत नाहीत, म्हणून तेवढा एक कागदावर लिहून कुलपात ठेवा.

दहापेक्षा जास्त खाती आणि दोन-तीन उपकरणं असतील, तर वेगळं ॲप घ्या. तेवढा खटाटोप नको असेल, तर ब्राउझर. फक्त उपकरणाला स्क्रीन लॉक हवाच.

सुरुवात मात्र ईमेलच्या पासवर्डपासून करा, कारण बाकी बहुतेक खात्यांची ‘पासवर्ड विसरलात?’ची लिंक तिथेच येते. त्याच बैठकीत मेलला टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक खात्री, उदा. फोनवरचा कोड) लावा आणि फोन जवळ नसताना वापरायचे म्हणून मिळालेले बॅकअप कोड कागदावर उतरवा. ते त्याच मेलमध्ये ठेवले, तर फोन हरवल्यावर उपयोगाचे नाहीत.