स्वयंपाकाच्या वर्गातून फॉरेक्सच्या जाळ्यात

फॉरेक्सच्या, म्हणजे परकीय चलनांच्या व्यापाराच्या, नावाखाली ज्या माणसाने माझे पैसे लांबवले, त्याने मला आधी चिकन पार्मेजान करायला शिकवलं होतं, आणि उत्तम शिकवलं होतं. हे सुरुवातीलाच सांगते, कारण फसवणारा माणूस अनोळखी नंबरवरून मोडक्यातोडक्या भाषेत बोलत येतो अशी आपली समजूत असते. हा आला तो ओट्यापाशी उभा राहून, आमच्या शंकांना शांतपणे उत्तरं देत.

वर्ग ऑनलाइन होता, फी नव्हती. सगळे त्याला शेफ म्हणत, तो सगळ्या जणींना ताई म्हणे. इटालियन-अमेरिकन पदार्थ हा त्याचा विषय. चिकन पार्मेजानच्या वेळी त्याने सांगितलं की दक्षिण इटलीतून अमेरिकेत गेलेल्या लोकांचा मूळ पदार्थ वांग्याचा. तिकडे मांस परवडू लागलं तसं वांग्याच्या जागी चिकन आलं. चिकनचा तुकडा आडवा चिरून सगळीकडून सारख्या जाडीचा ठेचायचा. मग मैदा, फेटलेलं अंडं आणि पार्मेजान चीज मिसळलेला ब्रेडचा चुरा, याच क्रमाने घोळवायचा. तळण्याआधी थोडा वेळ तसाच ठेवायचा, म्हणजे आवरण सुटत नाही. टोमॅटोचा सॉस मधोमध घालायचा, कडा कोरड्या राहिल्या तरच कुरकुरीत राहतात. वर मोझरेला चीज घालून ओव्हनमध्ये ठेवायचं आणि आतलं तापमान ७४ अंश सेल्सिअस झाल्याशिवाय काढायचं नाही. मी केलं आणि तो म्हणाला तसंच झालं.

याच विश्वासाची त्याला गरज होती. पदार्थाची परीक्षा आपल्याच शेगडीवर होते. बिघडला तर जिभेला लगेच कळतं. पैशाच्या व्यवहारात आम्ही जे पाहिलं ते फक्त त्याने दाखवलेल्या पडद्यावरचे आकडे होते. तो माणूस मात्र तोच होता, आवाज तोच होता, म्हणून एका गोष्टीतला भरवसा दुसऱ्या गोष्टीला लागू झाला.

"ताई, चीज वितळेपर्यंत माझे दोन ट्रेड होऊन जातात," असं तो एकदा बोलता बोलता म्हणाला आणि विषय बदलला. आग्रह त्याने कधीच केला नाही, विचारलं ते आम्हीच. मग ज्यांना हवं त्यांच्यासाठी 'नवशिक्यांसाठी चलन व्यापार' असा वेगळा गट निघाला.

तिथेही पहिले धडे बिनचूक होते. चलनं जोडीने विकली-घेतली जातात. युरो-डॉलरचा भाव १.०८५० वरून १.०८६० झाला तर तो १० पिप हलला; पिप म्हणजे दशांश चिन्हानंतरच्या चौथ्या आकड्यातला एकाचा फरक. लॉट म्हणजे सौद्याचं ठरलेलं माप; एक पूर्ण लॉट म्हणजे जोडीतल्या पहिल्या चलनाचे १,००,००० नग, त्यात एका पिपला १० डॉलर. त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या मिनी लॉटमध्ये १ डॉलर. हे सगळं खरं आहे, कुठल्याही चांगल्या पुस्तकात सापडेल. जगभरात रोज ७.५ लाख कोटी डॉलरची चलन-उलाढाल होते, हा त्याचा आवडता आकडा. तोही त्या काळापुरता खरा, बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स या मध्यवर्ती बँकांच्या बँकेच्या २०२२ च्या पाहणीतला. पण ती उलाढाल मुख्यतः बँका आणि मोठ्या वित्तसंस्थांची असते. 'या समुद्रातला आपला एक तांब्या' असं तो म्हणे, तेव्हा त्या समुद्राशी आमचा संबंधच येणार नव्हता.

खोट सुरू झाली ती लिव्हरेजपाशी, म्हणजे थोडी रक्कम अडकवून तिच्या कितीतरी पट मोठा सौदा करण्यापाशी. १:५०० लिव्हरेज ही 'सुविधा' आहे असं त्याने सांगितलं. तिचा हिशेब मांडून दाखवला नाही, तो मी इथे मांडते. १.०८ च्या भावाने एक लॉट म्हणजे १,०८,००० डॉलरचा सौदा. १:५०० ने त्यासाठी फक्त २१६ डॉलर अडकतात. खात्यात तेवढेच असतील, तर भाव साधारण २१ पिप उलटा गेला की सगळं संपलं, आणि युरो-डॉलर एखाद्या साध्या दिवसातही त्याहून जास्त हलतो. म्हणूनच युरोपीय संघाच्या ईएसएमए या नियामकाने २०१८ मध्ये सामान्य ग्राहकांसाठी प्रमुख चलनजोड्यांवर १:३० ची मर्यादा घातली. त्या वेळी त्यांनीच सांगितलं होतं की अशा सौद्यांत सामान्य ग्राहकांची ७४ ते ८९ टक्के खाती तोट्यात जातात. हे चोख, नोंदणीकृत दलालांकडचं चित्र आहे. चोरांचं अजून सांगायचं आहे.

'स्टॉप लॉस लावला की तोटा ठरलेलाच' हेही तो ठामपणे म्हणे. स्टॉप लॉस म्हणजे भाव अमुक पातळीला गेला की सौदा आपोआप बंद करायची सूचना. पण ती त्याच भावाला पाळली जाईल याची हमी नसते. १५ जानेवारी २०१५ ला स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने एका युरोला १.२० फ्रँक ही राखून धरलेली पातळी अचानक सोडली. फ्रँक इतक्या वेगाने उसळला की लोकांचे स्टॉप लॉस ठरवलेल्या भावाच्या कितीतरी पलीकडे जाऊन लागले, आणि काही दलाल कंपन्याही बुडाल्या.

मग अॅप आलं. नेहमीच्या अॅप स्टोअरमधून नव्हे, त्याने पाठवलेल्या दुव्यावरून. दिसायला देखणं, आलेख हलते, भाव खरे वाटणारे. पहिली छोटी रक्कम भरली, वाढली आणि काढायला सांगितली तर मुकाट्याने खात्यात जमाही झाली. हे नीट लक्षात ठेवा. पहिली रक्कम परत मिळणं हा प्रामाणिकपणाचा पुरावा धरू नका. ते पैसे आमच्यापैकीच दुसऱ्या कुणीतरी भरलेले असतात, आणि मोठी रक्कम यावी म्हणून ते सोडलेले असतात. त्यानंतर 'व्हीआयपी खातं' आलं, बोनस आला, आणि दर वेळी पैसे भरायला वेगळ्याच व्यक्तीच्या नावाचं खातं आलं. विचारलं तर 'पेमेंट पार्टनर' हे उत्तर. खरा दलाल ग्राहकाचे पैसे अनोळखी माणसांच्या बचत खात्यांत मागवत नाही. बाकी सगळं क्षणभर बाजूला ठेवलं तरी एवढ्या एका गोष्टीवर थांबायला हवं.

दुसरी खूण मला आलेख पुन्हा चाळताना सापडली. माझ्या खात्यात शनिवारी दुपारी युरो-डॉलरचा नफा नोंदलेला होता. चलनबाजार न्यूयॉर्कच्या वेळेनुसार शुक्रवारी संध्याकाळी ५ ला बंद होतो आणि रविवारी संध्याकाळी ५ ला उघडतो. शनिवारी तो सौदा कुणाशी झाला? कुणाशीच नाही. तो पडदा बाजाराला जोडलेलाच नव्हता. कुणीतरी बसून आकडे भरत होतं. तुमच्या खात्यातले सौदे, त्यांची वेळ आणि भाव घेऊन ते दुसऱ्या कुठल्याही स्वतंत्र आलेखाशी ताडून पाहा. जी उसळी इतर कुठेच दिसत नाही, ती झालेलीच नाही.

मोठी रक्कम काढायला गेल्यावर 'नफ्यावरचा कर आधी भरा' असं आलं. मी म्हटलं, "शिल्लक एवढी दिसते आहे, त्यातूनच कापून घ्या." उत्तर आलं, "ताई, नियमाने बाहेरूनच भरावा लागतो." असा नियम कुठेही नाही. कर सरकारला जातो, दलालाने दिलेल्या भलत्याच खात्यात जात नाही; आणि खरं शुल्क शिल्लक रकमेतून वजा होतं. कराच्या मागोमाग पडताळणीची अनामत येते, मग गोठलेलं खातं सोडवायचं शुल्क. जोवर तुम्ही भरता तोवर नवं कारण तयार असतं. पहिलं कारण ऐकलं की हात आखडता घ्या, मग पडद्यावर कितीही मोठी रक्कम दिसत असो. ती रक्कम तिथे नाहीच.

गटात रोज आभाराचे स्क्रीनशॉट पडत. नंतर मी सगळ्यांना एकेक करून फोन लावले. आभार मानणाऱ्यांपैकी एकाचाही लागला नाही. लागले ते स्वयंपाक शिकायला आलेल्या बायकांचे, आणि त्यातल्या एकीने निवृत्तीचे पैसे घातले होते. तिचा आवाज ऐकल्यावर हे लिहायचं ठरवलं. त्या माणसाने आमचा लोभ वापरला असं लोक सहज म्हणतात. मला ते मान्य नाही. त्याने आमची शिकायची हौस वापरली, आणि त्याबद्दल मला त्याचा मनापासून राग आहे.

अॅपवर नोंदणी क्रमांकही होता, आणि तो खऱ्या कंपनीचा निघाला. नाव आणि क्रमांक चोरून हुबेहूब संकेतस्थळ उभं करायची ही जुनी पद्धत आहे. ब्रिटनचा नियामक एफसीए अशा बनावट कंपन्यांबद्दल सतत इशारे देतो. म्हणून क्रमांक जुळला एवढ्यावर थांबू नका. नियामकाच्या यादीत त्या कंपनीचा जो पत्ता आणि फोन दिलेला आहे, त्यावर स्वतः फोन करून विचारा की हे अॅप तुमचंच आहे का. शिवाय काही देशांत सामान्य माणसाला परदेशी मंचावर मार्जिनने, म्हणजे थोडीच रक्कम अडकवून, चलनाचे सौदे करायची परवानगीच नसते; आपल्याकडचा कायदा काय म्हणतो हे पैसे पाठवण्याआधी पाहा, नाहीतर तक्रार करतानाही पाय अडखळतो.

पैसे गेलेच असतील तर आधी बँकेला कळवा, तेही त्याच तासात. पैसे पुढे सरकायच्या आत काही वेळा ते अडवता येतात. मग सायबर गुन्ह्यांच्या पोलिसांकडे लेखी तक्रार द्या. रागाच्या भरात गट सोडू नका आणि संभाषण पुसू नका. ज्या खात्यांत पैसे गेले त्यांची नावं, व्यवहार क्रमांक, अॅपचा दुवा, त्याचे आवाजी निरोप, सगळं जपून ठेवा. तपास त्या खात्यांचा माग काढत जातो, अॅपमधल्या आकड्यांना तिथे काडीची किंमत नसते.

आणि काही आठवड्यांत एक फोन येईल. समोरचा स्वतःला वकील म्हणेल, नाहीतर 'रिकव्हरी एजंट'. तुमची नेमकी किती रक्कम गेली हे त्याला ठाऊक असेल, आणि थोड्या आगाऊ शुल्कात ती परत मिळवून द्यायची तयारी तो दाखवेल. मला आला होता. रक्कम त्याला माहीत असते, कारण फसलेल्यांची यादी त्याच टोळीकडे असते किंवा तिने ती पुढे विकलेली असते. त्याला काहीही देऊ नका, वादही घालू नका. तो नंबर आणि फोनची वेळ आपल्या तक्रारीत जोडून द्या.