कामानंतर अ‍ॅव्हरेज पडलं? ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर, आठ महिन्यांनंतर

गाडीच्या ओबीडी (दोष तपासणीच्या) पोर्टमध्ये खोचून इंजिनचे आकडे मोबाइलवर दाखवणारा, हजाराच्या आतबाहेर मिळणारा ईएलएम ३२७ (आतल्या चिपचं नाव) जातीचा स्कॅनर. गॅरेजमधून आलेली पेट्रोल गाडी लिटरला १८ किलोमीटरवरून १३ वर का घसरली, हे शोधायला उपयोगी. पण आल्या आल्या तो लावायची घाई नको.

आधी अ‍ॅव्हरेज खरंच पडलंय का ते ठरवा. एकाच पंपावर पहिल्या कटऑफपर्यंत टाकी भरा, ३०० किलोमीटर चालवा, पुन्हा तिथेच तशीच भरा. चोर्ला घाटातून गोव्याला उतरतानाचा आकडा धरू नका. बेळगाव साडेसातशे मीटरवर आहे, त्यामुळे हिशोब जाऊन-येऊनचाच. गळीत हंगामात चिकोडीकडे उसाच्या डबल ट्रेलरमागे सेकंड गिअरवर रांगलात, तर त्याचं खापर मिस्त्रीवर फोडू नका. टायर १८५/६५ आर१५ चे १९५/६५ केले असतील, तर ओडोमीटरच २ टक्के कमी मोजतो.

ब्रेकचं काम झालं असेल तर स्कॅनर आंधळा. ब्रेक कमीत कमी लावत दहा किलोमीटर चालवा, थांबल्या थांबल्या प्रत्येक रिमजवळ हात न्या (डिस्कला लावू नका, भाजेल). पुढचं एकच चाक तापलं असेल तर कॅलिपरची (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाची) पिन सुकलीय किंवा पिस्टन मागे येत नाही. मागची दोन्ही तापली तर हॅन्डब्रेकची केबल जास्त ओढलीय.

इथे काही सापडलं नाही की स्कॅनर. सगळ्यात आधी कूलंटचं तापमान बघा. पंधरा-वीस मिनिटं चालल्यावर ते साधारण ८५ ते ९५ अंशांवर स्थिरावायला हवं. हायवेला ७० च्या वर जातच नसेल तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारा व्हॉल्व्ह) उघडाच अडकलाय, किंवा नाहीच. हेड गॅसकेटच्या कामात "आता गाडी तापणार नाही बघा" म्हणून तो काढून टाकायची खोड अजून गेलेली नाही. ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) इंजिन गारच वाटतं आणि तो जादा पेट्रोल सोडत राहतो. बऱ्याच छोट्या गाड्यांत तापमानाचा काटा नसतो, फक्त निळा दिवा. तो विझला की सगळं ठीक वाटतं.

दुसरं, फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल ठरल्यापेक्षा किती टक्के वाढवतो (अधिक) किंवा घटवतो (उणे) ते. शॉर्ट (तात्पुरतं) आणि लाँग (शिकलेलं) यांची बेरीज अधिक-उणे ५ च्या आत असेल तर उत्तम, १० पर्यंत चालतं. उणे १५ असेल तर इंजेक्टर ठिबकतोय किंवा पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा) उघडा राहिलाय. अधिक १५ असेल आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनचा धूर गोळा करणारा पाइप) उघडून बसवलेला असेल, तर आधी एक्झॉस्ट गॅसकेट तपासा. ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे फट राहिली तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) वाटतं आणि ईसीयू नसती भर घालतो. थंड इंजिन चालू केल्यावर तिथून टिकटिक ऐकू येते.

बॅटरी काढून बसवली की ईसीयूने शिकलेले ट्रिम पुसले जातात, म्हणून पहिल्या एक-दोन दिवसांचे आकडे सोडून द्या. दोषाचे कोड क्लिअर केले तरी तेच. आधी स्क्रीनशॉट घ्या.

चावी ऑन, इंजिन बंद असताना मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) बेळगावात ९२-९३ किलोपास्कल दाखवतो, पणजीत १०१ च्या आसपास. फरक उंचीचा आहे, सेन्सर बरोबरच आहे, बदलायला जाऊ नका.

आणि इथेनॉल. आजूबाजूला साखर कारखाने, त्यामुळे दोष द्यायला ते हाताशीच असतं. पण ई१० (१० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) वरून ई२० वर गेल्यावर लिटरमागे ऊर्जा साडेतीन टक्क्यांच्या आसपास घटते. १८ चे १७.४ होतील, १३ नाही.

उपकरणाच्या तक्रारी: "व्हर्जन २.१" लिहिलेले स्वस्त क्लोन अर्ध्या कमांड घेत नाहीत. साधं ब्लूटूथ आयफोनला जोडलं जात नाही, त्यासाठी बीएलई (कमी विजेवर चालणारं ब्लूटूथ) किंवा वायफायवाला लागतो. एका वेळी चारच्या वर आकडे लावले तर स्क्रीन मागे पडते. अ‍ॅपमधलं अ‍ॅव्हरेज अंदाजाचं, भरवसा टाकीच्या हिशोबावरच. आणि गाडी चार-आठ दिवस उभी राहणार असेल तर स्कॅनर उपसून ठेवा. बऱ्याच गाड्यांत पोर्टला चावी बंद असतानाही करंट असतो, बॅटरी बसते.