हाडांच्या औषधाला सुट्टी: गोळी आणि इंजेक्शन एका मापाने मोजू नका

सांगली-मिरजेकडे साठी ओलांडलेल्या बायका भेटल्या की हाडं ठिसूळ होण्यावरच्या (ऑस्टिओपोरोसिसच्या) औषधाबद्दल हल्ली एक सल्ला हमखास निघतो: "पाच वर्षं झाली ना काकू, मग करा आता बंद. डॉक्टरच सुट्टी देतात." सल्ला खोटा नाही, पण तो कुठल्या औषधाला लागू, हे सांगायचं राहून जातं. खरी गोम तिथेच आहे.

आठवड्याची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी आणि वर्षातून एकदा सलाईनमधून देतात ते झोलेड्रोनिक अ‍ॅसिड, ही एकाच घराण्यातली औषधं. ती हाडात मुरतात, बंद केल्यावरही काही काळ पुरतात. म्हणून साधारण ५ वर्षं गोळी किंवा ३ वर्षं सलाईन झाल्यावर थांबण्याचा विचार करता येतो. थांबायला कारणही आहे. फार वर्षं घेतल्यावर क्वचित कुणाचं मांडीचं हाड मोठा मार न लागताच मोडतं. आधी कित्येक दिवस मांडी किंवा जांघ दुखत असते आणि घरात "वयानं दुखतंय" म्हणून बाम चोळणं चालू असतं.

चालू ठेवण्याचा फायदा कितपत? अमेरिकेतल्या २००६ च्या एका अभ्यासात ५ वर्षांनी गोळी थांबवलेल्या आणि १० वर्षं घेतलेल्या बायकांची तुलना झाली. खुब्याच्या फ्रॅक्चरमध्ये ठळक फरक दिसला नाही. लक्षणांवरून कळलेली मणक्याची फ्रॅक्चर मात्र थांबवलेल्यांत सुमारे ५ टक्के, चालू ठेवलेल्यांत अडीच टक्क्यांच्या आत होती. तेव्हा मणका किंवा खुबा आधीच मोडलेला असेल, खुब्याचा टी-स्कोअर (हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनमधला आकडा) अजून उणे २.५ च्या खाली असेल किंवा रोज स्टिरॉइड चालू असेल, तर माझ्या मते सुट्टीची घाई नको. हाड कधी मोडलेलं नाही आणि स्कॅन सुधारलाय, त्यांनी डॉक्टरांकडे विषय जरूर काढावा.

पण ही ५ वर्षं खरी हवीत. गोळी उठल्याउठल्या रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची, पुढे अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि चहाही नाही. आपल्याकडे अडतं ते चहापाशी. दुधाच्या चहाबरोबर घेतलेली गोळी अंगी फारशी लागत नाही. तशी घेतली असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

डेनोसुमॅबचं, म्हणजे सहा महिन्यांनी कातडीखाली घेतात त्या इंजेक्शनचं गणित उलटं. ते हाडात मुरत नाही. चुकलं की कमावलेली घनता झपाट्याने उतरते आणि काही जणींचे एकदम दोन-तीन मणके दबतात. एप्रिलमध्ये घेतलेलं इंजेक्शन ऑक्टोबरात, ऐन दिवाळीच्या तोंडावर येतं. मग "फराळ उरकू दे, नंतर जाऊ मिरजेला" असं होतं. आठवडाभर पुढेमागे चालेल, महिन्याच्या वर नको. याला सुट्टी नाहीच. खर्चामुळे थांबवायचं असेल, तर पुढच्या तारखेच्या सुमारास गोळी किंवा सलाईन सुरू करण्याबद्दल आधीच विचारून ठेवा. रोज टोचायचं टेरिपॅराटाइड हे हाडांचं आणखी एक इंजेक्शन, तेही संपलं की मागोमाग दुसरं औषध लागतंच.

गोळीला सुट्टी मिळाली, तरी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सांगितल्याप्रमाणे चालूच. दोनेक वर्षांनी डेक्सा स्कॅन, तोही शक्यतो त्याच मशीनवर; नाहीतर आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. मध्येच पाठीत अचानक कळ आली किंवा उंची घटलेली वाटली, तर दोन वर्षं थांबू नका.