१९४३ सालचे लष्करी लाकडी स्नोशू : हिवाळाभर वापरल्यावर

मिनेसोटात राहतो, त्यामुळे बर्फाला तोटा नाही. जुन्या सामानाच्या दुकानातून अमेरिकी लष्कराचे ‘ट्रेल’ प्रकारचे स्नोशू, म्हणजे बर्फात पाय रुतू नयेत म्हणून बुटांखाली बांधायच्या जाळीदार चौकटी, घेतले. ५८ इंच लांब, १० इंच रुंद, वाफेवर वाकवलेलं ॲश झाडाचं लाकूड आणि आत कच्च्या कातड्याच्या वाद्यांची वीण. ‘यू. एस.’ आणि सालाचा शिक्का अजून स्पष्ट वाचता येतो. कोलोरॅडोतल्या कॅम्प हेलला दहाव्या माउंटन डिव्हिजनचा, म्हणजे डोंगरी युद्धासाठीच्या सैन्यतुकडीचा, सराव चालायचा, तेव्हा स्कीच्या जोडीला असलेच स्नोशू असत.

सपाट रानात, भुसभुशीत ताज्या बर्फात यांना तोड नाही. माझे ॲल्युमिनियमचे नवे स्नोशू जिथे गुडघाभर रुततात, तिथे हे वीतभर खाली जाऊन थांबतात. चवडा आडव्या वादीवर बांधलेला, टाच मोकळी. पाऊल उचललं की पुढचं टोक वर येतं, विणीतला बर्फ खाली झडतो आणि मागची शेपटी, म्हणजे चौकटीचं निमुळतं टोक, घासत येते, म्हणून चाल आपोआप सरळ राहते. आवाज जवळजवळ नाहीच. प्लास्टिकच्या खडखडाटाला वैतागलेल्यांना हे सुख कळेल.

वळायचं म्हणजे मात्र कसरत. दाट झाडीत शेपटी अडकते, उलट पावली येणं तर विसराच. तशा जागेसाठी लष्कराकडे बिनशेपटीचे आखूड ‘बेअरपॉ’ होते. शिवाय तळाला लोखंडी दात नाहीत. घट्ट गोठलेल्या उतारावर निव्वळ घसरगुंडी.

खरी डोकेदुखी कातड्याची. मार्चमधल्या ओल्या बर्फात वीण पाणी पिते आणि जुन्या बाजेसारखी झोळ पडते. हीटरजवळ वाळवली तर तडकते, म्हणून थंड खोलीत सावकाश वाळू द्यायची. हंगामाआधी स्पार व्हार्निशचे (पाण्यापासून बचाव करणाऱ्या रोगणाचे) दोन हात हवेतच. पुढे लष्कराने मॅग्नेशियमची चौकट आणि नायलॉन चढवलेली पोलादी तार का आणली, ते अशा एका ओल्या दुपारी कळतं.

मूळ चामडी पट्टे तुटायच्या बेतात होते. विक्रेत्याने ‘ओरिजिनल’ म्हणून नेमके त्याचेच जास्त पैसे लावले! ते काढून ठेवले आणि रुंद सुती पट्टी बांधली. गारठ्यातही ती मऊ राहते.

घेताना शिक्का नंतर बघा, आधी चवड्याखालची आडवी वादी जोर लावून दाबा. सगळा भार तिच्यावर असतो. टाचेखालची वीणही तपासा, कडक तळव्याचे बूट ती कापत जातात. दोन्ही चौकटी एकमेकींवर ठेवून पीळ पडलाय का पाहा. आणि उन्हाळ्यात तारेने उंच टांगा. खाली ठेवलेत तर उंदीर वाद्या कुरतडतात, आणि घरात कुत्रा असेल तर तोही.