तपासण्यांचा खर्च कोण देणार? सांगली-मिरजेतल्या कुटुंबासाठी विमा पर्यायांची तुलना

जत, आटपाडी किंवा कवठे महांकाळहून मिरजेला उपचारांसाठी आलेल्या रुग्णाचा पहिला दिवस बहुधा ओपीडीच्या बाकावर आणि लॅबच्या काउंटरपुढे जातो. रक्त, लघवी, सोनोग्राफी, गरज पडली तर सीटी स्कॅन किंवा एमआरआय, असा खर्च आजाराचे नाव कळण्याआधीच सुरू होतो. आरोग्य विमा घेताना मात्र आपण विमा रक्कम आणि प्रीमियम एवढेच पाहतो. तपासण्यांचे पैसे पॉलिसी कोणत्या परिस्थितीत देते, हे फार थोडे लोक विचारतात, आणि आमच्या घरीही ते कोणी विचारले नव्हते.

माझ्या मामांना चक्कर आली म्हणून त्यांना दोन दिवस ॲडमिट केले. सगळ्या तपासण्या झाल्या, रिपोर्ट सुदैवाने चांगले आले आणि ते घरी परतले. क्लेम मात्र नामंजूर झाला. डिस्चार्ज कार्डावर निरीक्षण आणि तपासणीखेरीज कोणत्याही उपचाराची नोंद नव्हती, आणि तेच कारण कंपनीने दाखवले. तेव्हा आम्हाला तो अन्याय वाटला, पण पॉलिसी वाचल्यावर तो नियम पहिल्यापासून त्यात छापलेला असल्याचे दिसले.

विमा नियामक इर्डाने आरोग्य पॉलिसींतील वगळलेल्या बाबींची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी ठरवून दिली आहे. त्यातल्या चौथ्या कलमानुसार रुग्ण मुख्यतः तपासणी आणि निदानासाठीच दाखल झाला असेल, तर तो खर्च मिळत नाही. तसेच रुग्ण उपचारांसाठी दाखल असला, तरी त्या निदानाशी किंवा उपचाराशी संबंध नसलेल्या तपासण्यांचे पैसेही मिळत नाहीत. म्हणजे पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेल्या माणसाने आलोच आहोत तर गुडघ्याचा एमआरआयही करून घेतला, तर त्या एमआरआयचे बिल त्यालाच भरावे लागेल.

सांगली-मिरजेतल्या बहुतेक घरांपुढे पहिला पर्याय असतो तो साध्या, रुग्णालयात दाखल झाल्यावर लागू होणाऱ्या पॉलिसीचा. ती दाखल असतानाच्या तपासण्यांचे पैसे देते आणि दाखल होण्याआधीच्या व घरी गेल्यानंतरच्या ठराविक दिवसांतल्या तपासण्यांचेही देते, मात्र त्या तपासण्या त्याच आजारासाठी झालेल्या असाव्यात आणि दाखल होण्याचा मूळ क्लेम मंजूर झालेला असावा. 1 एप्रिल 2020 पासून सुरू झालेल्या आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीत हा अवधी आधीचे 30 आणि नंतरचे 60 दिवस इतका आहे, तर इतर अनेक पॉलिसींत तो याहून जास्त असतो. निदानाला वेळ लागणाऱ्या आजारांत हा फरक मोठा ठरतो. पोटदुखीची पहिली सोनोग्राफी जूनच्या अखेरीला झाली, पुढे एंडोस्कोपी आणि बायॉप्सी झाली आणि शस्त्रक्रियेची तारीख ऑगस्टच्या मध्यावर मिळाली, तर 30 दिवसांच्या पॉलिसीत सोनोग्राफीचे बिल हातचे जाते. आरोग्य संजीवनीत मंजूर रकमेतले 5 टक्के विमाधारकाने भरायचे असतात, त्यामुळे तपासण्यांचे 12,000 रुपये मंजूर झाले तरी 600 रुपये आपल्याकडेच राहतात. माझ्या मते आधीचा अवधी 60 दिवसांचा असलेली पॉलिसी थोडी महाग असली तरी घ्यावी, कारण आपल्याकडे तालुक्याच्या गावचा डॉक्टर आणि मिरजेचा तज्ज्ञ यांच्यामधल्या फेऱ्यांतच महिना निघून जातो.

याच प्रकारच्या पॉलिसीत ग्राहकाच्या बाजूचाही एक नियम आहे. खोलीभाड्याला मर्यादा असलेल्या पॉलिसीत रुग्णाने त्याहून महागडी खोली घेतली, तर कंपनी डॉक्टरांचे शुल्क वगैरे बाबींतही त्याच प्रमाणात कपात करते. मात्र इर्डाच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार औषधे, इम्प्लांट आणि तपासण्या यांच्या खर्चात अशी प्रमाणशीर कपात करता येत नाही. तेव्हा बिलातील तपासण्यांची रक्कमही निम्मी झालेली दिसली, तर टीपीएकडे, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेकडे, लेखी कारण अवश्य मागावे.

दुसरा पर्याय ओपीडी संरक्षण जोडलेल्या पॉलिसीचा आहे. यात दाखल न होताही, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर केलेल्या तपासण्यांचे पैसे वार्षिक मर्यादेपर्यंत मिळतात. मधुमेह, थायरॉईड किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या माणसाला तो आकर्षक वाटणे स्वाभाविक आहे, पण इथे कागदावर हिशेब मांडूनच निर्णय घ्यावा. समजा, ओपीडीसाठी वर्षाला 4,000 रुपये जादा प्रीमियम आहे आणि मर्यादा 5,000 रुपयांची आहे, तर मर्यादा पूर्ण वापरली तरी फायदा 1,000 रुपयांचा होतो आणि तपासण्या 4,000 रुपयांच्या आत राहिल्या तर तोटाच होतो. त्यात तपासण्यांसाठी वेगळी उपमर्यादा आहे का, आधीपासूनच्या आजाराच्या तपासण्या पहिल्या दिवसापासून चालतात का आणि पैसे फक्त कंपनीच्या नेटवर्कमधल्या लॅबमध्येच मिळतात का, या तीन गोष्टी विक्रेत्याकडून लेखी घ्याव्यात. नेटवर्कची लॅब सांगलीत किंवा मिरजेत असली तरी आटपाडीच्या माणसाचे एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी हाही त्या तपासणीचाच खर्च आहे.

अनेक पॉलिसींत वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी दिलेली असते, पण ओपीडी संरक्षण आणि ती सोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजारासाठी डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी तिच्यात बसेलच असे नाही. स्वतःच्या पैशाने प्रतिबंधात्मक तपासणी करणाऱ्यांना जुन्या करप्रणालीत कलम 80 डीच्या एकूण मर्यादेतच 5,000 रुपयांपर्यंत वजावट मिळते आणि ही रक्कम रोख भरलेली असली तरी चालते.

शासकीय योजनांचे गणित निराळे आहे. आयुष्मान भारत आणि महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना यांत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, रुग्णालयांत विनाशुल्क मिळतात आणि त्या उपचारासाठी लागणाऱ्या तपासण्या पॅकेजमध्येच धरलेल्या असतात. आयुष्मान भारतमध्ये दाखल होण्याआधीचे 3 दिवस आणि नंतरचे 15 दिवस यांतील तपासण्या व औषधेही समाविष्ट आहेत, ओपीडी मात्र नाही. खासगी पॉलिसीच्या 30 किंवा 60 दिवसांपुढे 3 दिवस फारच तोकडे आहेत, पण इथे प्रीमियम भरावा लागत नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. ओपीडीच्या नेहमीच्या रक्ततपासण्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय हा पर्याय गृहीत धरावा, कारण सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासण्या आणि उपचार निःशुल्क आहेत. सांगलीचे पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय मात्र मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येते, त्यामुळे तिथले दर वेगळे विचारून घ्यावेत.

कुपवाड औद्योगिक वसाहतीत किंवा अन्यत्र काम करणाऱ्या आणि दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्या विमाधारक कामगाराला राज्य कामगार विमा योजना लागू असते. तिच्यात ओपीडी आणि तपासण्या दोन्ही येतात आणि कामगाराच्या वेतनातून केवळ 0.75 टक्के कपात होते. अशा घराने ओपीडी संरक्षणावर वेगळा पैसा घालण्याचे कारण मला दिसत नाही.

चाळिशीच्या आतल्या, दीर्घ आजार नसलेल्या कुटुंबाने ओपीडी संरक्षण सोडून तेच पैसे विमा रक्कम वाढवण्यावर आणि आधीच्या 60 दिवसांच्या अवधीवर खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. घरात साठीच्या पुढचे आणि दर तीन महिन्यांनी एचबीए1सी (साखरेची सरासरी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) करावे लागणारे कोणी असेल आणि वर्षाचा तपासणी खर्च जादा प्रीमियमच्या दुपटीच्या आसपास जात असेल, तरच ओपीडी घ्यावी. पॉलिसी कोणतीही घेतली, तरी प्रत्येक तपासणीसाठी डॉक्टरांची तारीख असलेली चिठ्ठी, पक्के बिल आणि रिपोर्ट असे तिन्ही कागद एकत्र जपून ठेवावेत, आणि रुग्ण दाखल असताना कोणता उपचार दिला हे डिस्चार्ज कार्डावर नीट लिहिले गेले आहे की नाही, ते घरी निघण्याआधी वाचून घ्यावे. क्लेम चुकीने नाकारला गेला आहे असे वाटले, तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे लेखी तक्रार करावी आणि तिथे दाद लागली नाही तर सांगली-साताऱ्याच्या विमाधारकांना पुण्याच्या विमा लोकपालांकडे विनाशुल्क अर्ज करता येतो.